एडगर थर्टलचा शेवटचा खड्डा

सकाळी सात वाजता रूबी गोटोबेडने चौकीत फोन केला.

"डॉली, लवकर ये गं. माझ्या सातूच्या रानात एडगर पडलाय. हलवून पाहिलं. गेलाय तो."

सार्जंट डॉली लार्टर पोचली तेव्हा आभाळ अगदी खाली उतरलं होतं. कापलेल्या रानात नुसती धसकटं उभी होती. मधोमध एडगर पालथा पडला होता आणि कावळे आधीच जमले होते. डोक्यामागे खोल घाव होता. घाव घातलेलं फावडं त्याचंच, शेजारीच टाकलेलं. कानांवर डिटेक्टरचे हेडफोन तसेच होते. बिचाऱ्याला मागून आलेलं पाऊल ऐकूच आलं नसणार.

एडगर थर्टल म्हणजे गावचा निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं कापणी झाली की जमिनीतला धातू हुडकणारा डिटेक्टर घेऊन नॉरफोकच्या रानांत जुनी नाणी शोधणारा. माशीच्याही वाटेला न जाणारा माणूस.

त्याचा चष्मा हाताशी पडला होता. तारेच्या चौकटीचा, एक काडी तुटलेला. तुटलेली काडी डॉलीने तासभर शोधली. एडगरचा डिटेक्टरही फिरवून पाहिला. काडी रानात नव्हती.

प्रेताला लागून एक खड्डा होता, बुजवलेला, टाचेने दाबून सपाट केलेला. डॉलीने तो उकरला. वरची माती स्वच्छ निघाली. वीतभर खाली, तळाशी, दोन खापरं आणि रक्त होतं.

रूबी बांधावर उभी होती.

"काल संध्याकाळी कुठे होतीस, रूबीमावशी?"

"घरात. एकटी. मांजर होतं साक्षीला, पण ते कोर्टात यायचं नाही."

"पबमध्ये एडगरला काय म्हणालीस?"

रूबीचा चेहरा उतरला. "माझी गाय पाय मोडून गेली ना, कुण्या चोरट्याने नाण्यांसाठी खणून उघड्या टाकलेल्या खड्ड्यात. राग एडगरवर काढला. म्हटलं, पुन्हा उघडा खड्डा दिसला तर तुझ्याच फावड्याने तुला पुरीन."

"किती जणांनी ऐकलं?"

"कुणी ऐकलं नाही ते विचार."

नॉर्विचहून इन्स्पेक्टर हेवेटचा फोन आला. हत्यार आहे, धमकी आहे, खड्ड्यांचा राग आहे. बारा वाजता येऊन बाईला घेऊन जातो. फोन बंद.

रूबी त्रेसष्ट वर्षांची, मागेपुढे कुणी नाही. पलीकडे वीस एकर गहू अजून उभा आणि पाऊस दाराशी आलेला. ती आज गेली तर पीक गेलंच. डॉलीने लहानपणी तिच्याच झाडांची सफरचंदं चोरून खाल्ली होती. तिला हे सहन होईना. घड्याळात दहा वाजत होते.

तिने मॉरिस पास्कला त्याचं यंत्र घेऊन बोलावलं. तो नाणी शोधणाऱ्यांच्या मंडळाचा चिटणीस, घड्याळं दुरुस्त करणारा, एडगरचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. आला तो कामाच्या पोशाखात. कमरेला दोन पिशव्या, खांद्यावर डिटेक्टर.

"काल संध्याकाळी तुम्ही इथे होता?"

"नाही हो. गुडघा धरलाय."

"एडगरच्या फोनवर दिसतंय, चार वाजता त्याने तुम्हाला फोन केला होता. अकरा मिनिटं."

"हवापाण्याचं बोललो."

"अकरा मिनिटं?"

"आपल्याकडे हवा पुष्कळ असते, बाई."

डॉली हसली नाही. "बरं, तुम्ही काम कसं करता ते जरा दाखवा. मी या बाबतीत अडाणी आहे."

मॉरिसने यंत्र फिरवलं. दहा पावलांवर ते किणकिणलं. त्याने खणलं, काडतुसाचं पितळी बूड काढलं आणि डाव्या पिशवीत टाकलं.

"ते कशाला ठेवता?"

"उजवीत माल, डावीत भंगार. रानात धातूचा तुकडा सोडायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तोच पुन्हा वाजतो. महिनाअखेर मंडळात भंगाराचं वजन होतं. ज्याचं जास्त, त्याला बिअर फुकट." बोलता बोलता त्याने खड्डा बुजवला, टाचेने तीनदा दाबला. खाली त्याने पाहिलंही नाही.

बाराला हेवेट आला. बरोबर दोन हवालदार होते. "रूबी गोटोबेड कोण?"

"साहेब, पाच मिनिटं द्या," डॉली म्हणाली. "खड्ड्याच्या तळाशी रक्त आहे, वर नाही. म्हणजे घाव बसला तेव्हा खड्डा उघडा होता. एडगर मेल्यावर तो कुणीतरी बुजवला."

"बाईंनीच. उघड्या खड्ड्यांचा राग त्यांनाच."

"मलाही आधी तीच भीती वाटली. पण चष्म्याची काडी कुठे गेली? रूबीमावशी ती कशाला उचलील? घाव बसला, काडी मोडून खड्ड्याच्या मातीत पडली. मारणाऱ्याने आतला नाण्यांचा हंडा काढला, ज्याची दोन खापरं तळाशी राहिली, मग माती लोटली आणि लोटताना हाताला लागलेली तार उचलली. अंधारून आलं होतं, काय उचललं ते त्याने बघितलंही नाही. हात आपोआप चालले. रानात तुकडा सोडायचा नाही! पास्क, डावी पिशवी रिकामी करा."

मॉरिस हलला नाही. हवालदाराने पिशवी गाडीच्या टपावर उलटी केली. बाटल्यांची झाकणं, शिशाचे गोळे, काडतुसाचं बूड. आणि मातीने माखलेली, बारीक वाकडी काडी. डॉलीने ती एडगरच्या चष्म्याला लावली. चपखल बसली.

ती पास्ककडे वळली.

"हंडा कुठे आहे?"

"घरी. भंगाराच्या डब्यात," मॉरिस म्हणाला. "वीस वर्षं मला झाकणं मिळाली आणि त्याला सोन्याची नाणी! फोनवर रडत होता आनंदाने. म्हणे, ये बघायला, सगळ्यांत आधी तुलाच सांगतोय. मी म्हटलं, गुपचूप वाटून घेऊ. तर म्हणे, छे, कायद्याने निम्मं रानाच्या मालकिणीचं, रूबीचं. बिचारीची गाय गेलीय."

रूबी मटकन बांधावर बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

बेड्या घालून मॉरिसला गाडीकडे नेलं. वाटेत तो खड्डा होता, डॉलीने उकरलेला, उघडा. मॉरिस थांबला. नकळत त्याचा पाय पुढे झाला आणि तो टाचेने माती आत लोटू लागला.

"पाय काढ," रूबी म्हणाली. "तो खड्डा मी बुजवीन."