सदतीसची जोडी

"ताई, गाडी उद्या सरकारी तपासणीत नापास झाली तर भंगारवाला तिथूनच घेऊन जाईल. मी सांगून ठेवलंय," मित्सुगु म्हणाला, आणि तोमोएच्या हातातला चहा ओठांपर्यंत पोचलाच नाही...

मोटरसायकल वडिलांची, गेम्पाचींची. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हामामात्सुतल्या त्यांच्या वर्कशॉपात ती अजून उभी होती, पुढच्या चाकाच्या शॉकॲबमधून तेल गाळत. खाली पत्र्याची ताटली. त्या तेलावरून मुंग्यासुद्धा घसरून पडायच्या म्हणतात, आणि पडतही असतील, मी स्वतः दोन लंगड्या पाहिल्यात.

तीस वर्षांपूर्वी सोळा वर्षांच्या मित्सुगुनं ती गुपचूप नेली आणि संत्र्याच्या बागेच्या भिंतीवर घातली. बापाचा संताप ओळखून असलेली मोठी बहीण तोमोए पुढे झाली. "मी नेली होती," म्हणाली. गेम्पाची एवढंच बोलले, "मग माझ्या हत्यारांना हात लावू नकोस." डोळे मिटून इंजिन खोलणारी ती पोर, दुसऱ्या दिवसापासून चहाच्या कारखान्यात पुडे बांधायला लागली... जन्मभर.

वर दर नववर्षाला बिनलग्नाच्या लेकीच्या हातात खाऊचं पाकीट ठेवायचं, तर त्यात हा बाप पैशांऐवजी रबराच्या दोन कड्या घालायचा. शॉकॲबचं तेल अडवणारी ऑइल सील. पहिलं पाकीट उघडून तिला वाटलं, हा टोमणा. काळजात कायमचं रुतलं ते. पुढची अठरा पाकिटं तिनं न उघडताच चहाच्या घट्ट डब्यात टाकली.

आणि आता मित्सुगु गाडीपुढे उकिडवा बसून घाम पुसत होता.

"बसत नाहीत गं ही सील. पुस्तकात बघून आणलीत, पस्तीस मिलिमीटरची."

"शॉकॲबची नळी मोजलीस?"

"पुस्तकात स्पष्ट..."

"तू पुस्तक चालवतोस की गाडी?"

तीस वर्षांनी तिनं बापाचा मापायचा व्हर्नियर हातात घेतला. नळीला टेकवून आकडा वाचला. सदतीस. म्हणजे अपघातानंतर पुढचा सगळा भाग बापानं दुसऱ्याच गाडीचा बसवला होता!

मित्सुगुनं तीन दुकानांत फोन लावले. ते माप कधीच बंद झालेलं.

तोमोए आत गेली आणि पाकिटांचा तो चहाचा डबा घेऊन आली. एकेक पाकीट उघडलं. प्रत्येकात मेणकागदात, ग्रीस लावून, सदतीसची जोडी. जुन्या वाकवताच तडकल्या. शेवटच्या, एकोणिसाव्या पाकिटातली मात्र नखाखाली मऊ दबली... आणि तिच्याखाली चिठ्ठी.

'तोमोए, तुझ्या अंगावर साधा ओरखडा नव्हता, आणि धाकटा भर उन्हाळ्यात महिनाभर लांब पँट घालून हिंडला. मला त्याच आठवड्यात कळलं. पण बोललेला शब्द मागे घ्यायला जीभ वळली नाही. म्हणून सील देतो. ती बसवायला तू येशील, म्हणून मी कधी हात लावला नाही. दार उघडंच आहे.'

एकोणीस वर्षं... गल्लीत सगळ्यांत नामी मिस्त्री आणि स्वतःची गाडी गळत ठेवून बसला होता, लेकीची वाट बघत. तोमोए जमिनीवरच बसली. एवढा मोठा बोलावा, आणि तिनं तो डब्यात कोंबून ठेवला होता.

मित्सुगुचे डोळे वाहत होते. "ताई, मी तेव्हाच बोलायला हवं होतं..."

"पँट वर कर."

"काय?"

"गुडघा दाखव आधी."

गुडघ्यावर पांढरा, लांबच लांब व्रण होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं, एक चापट मारली, आणि म्हणाली, "प्लॅस्टिकची पिशवी आण. नळीच्या टोकावर चढवायची, नाहीतर सीलची कड फाटते. आणि भंगारवाल्याला फोन कर, म्हणावं येऊ नकोस."

जोडी बसली, अशी बसली की जणू नळीनंच श्वास आत ओढून तिला जागा दिली. धाकटा एकेक हत्यार हातात देत गेला, आणि ऊन कलायच्या आत गाडी उभी राहिली.

सकाळी निघण्यापूर्वी तोमोएनं वाकून ताटली उचलली. बोट फिरवून पाहिलं. कोरडी. मग ती पुसली, तिच्यात एक संत्रं ठेवलं, आणि बापाच्या फोटोपुढे नेऊन ठेवली.