सोयरिकीचं पाणी

वरवट बकालच्या विहिरी खाऱ्या. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा नासतो. म्हणून तिकडे मुलगी देणारे पोराआधी विहिरीचं पाणी पिऊन पाहतात. गावात उकंडरावांची विहीर तेवढी गोड, आणि तिचा त्यांना भारी तोरा. मुलगा इंद्रभान तिशीला टेकलेला. आधीच्या दोन पाहुण्यांनी चुकून पोरगाच अगोदर पाहिला आणि ते चहाही न घेता गेले. आता सगळी भिस्त विहिरीवर होती. शुक्रवारी शेगावचे नारायणराव पाणी प्यायला येणार होते.

मंगळवारी सकाळी पोहऱ्यातून पाच बोटांचं, लालसर, खरखरीत काहीतरी वर आलं. उकंडरावांच्या बायकोला, मंजुळाबाईंना, तो देवीचा पंजा वाटला. त्यांनी हळदकुंकू वाहून तो देव्हाऱ्यात ठेवला. दुपारी पंजा आपल्या पायांनी देव्हाऱ्यातून उतरायला लागला तेव्हा त्यांनी गल्ली गोळा केली. उकंडराव माळकरी. त्यांनी तुळशीची माळ सांभाळत तो पळसाच्या पानांनी उचलला आणि विहिरीत सोडला.

बुधवारी आला ताटलीसारखा चपटा, चकचकीत मासा. शाळेचे नीळकंठ मास्तर मुंबई पाहून आलेले. त्यांनी वाकून पाहिलं आणि चष्मा पुसला.

"उकंडराव, हे पापलेट आहे. समुद्रातलं."

"समुद्र कुठी आहे मास्तर?"

"इथून दीडशे कोस."

"मंग हे काय पायी आलं?"

"ते मला ठाऊक नाही. पण हा मासा खाऱ्या पाण्यातच जगतो."

खारं म्हटल्याबरोबर उकंडरावांनी पोहरा ओढला. घाईघाईने ते ओंजळभर पाणी प्यायले. पाणी गोड होतं.

"तुमचं पुस्तकच खारं असंल. पन हात जोडतो मास्तर, सोयरीक होऊ द्या, तवर कोनाले सांगू नका."

गुरुवारी विहिरीचं पाणी सकाळी दोन हात चढलं, दुपारी उतरलं, संध्याकाळी पुन्हा चढलं. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. विहीर लग्नाच्या आनंदात असेल, असं उकंडरावांनी बायकोला सांगितलं, पण रात्री दोनदा उठून त्यांनी पाणी चाखून पाहिलं.

शुक्रवारी नारायणराव दोन भावांना घेऊन एस.टी.तून उतरले ते थेट विहिरीवर आले. उकंडरावांनी स्वतः पाणी शेंदलं, पोहऱ्यातला शिंपला हळूच खिशात घातला आणि तांब्या पुढे केला. नारायणरावांनी डोळे मिटून घोट घेतला.

"गोड आहे," नारायणराव म्हणाले. "पोरगी देल्ली."

मंजुळाबाई साखर घेऊन धावल्या.

"साखर राहू द्या बाई. पानी द्या."

दुसरा तांब्या संपला. तिसरा संपला. भावांनीही हात पुढे केले.

"लय गोड आहे हो. अजून द्या."

उकंडराव अभिमानाने शेंदत राहिले. सातव्या तांब्याला खांदे भरून आले.

"नारायणराव, मुहूर्त पाहू काय?"

"पाहू ना. तहान तं भागू द्या."

इंद्रभानकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटची एस.टी. हॉर्न देऊन निघून गेली. कुणी उठलं नाही.

उन्हं कलली. नारायणरावांच्या ओल्या मिशा वाळल्या. केसाकेसावर पांढरं मीठ जमलं होतं.

उकंडरावांनी तांब्या काढून घेतला. त्यांनी तांब्यातलं पाणी जिभेला लावलं.

गोडच होतं.

त्यांनी एक घोट घेतला. मग आणखी एक. मग तांब्या बाजूला ठेवून पोहराच तोंडाला लावला.