दुपारी मरणारी हार्ड डिस्क

टक... टक... टक. हार्ड डिस्कमधून तिसऱ्यांदा तोच आवाज आला आणि राजकुमारभाऊने, वैद्याने नाडी सोडावी तशा शांतपणे, हात झटकले.

"मेली," तो म्हणाला.

प्राची टेबलाच्या कडेला उभी होती. सकाळी दहा वाजता याच डिस्कमधले फोटो तिने याच लॅपटॉपवर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तीन तासांत मरण्याजोगं डिस्कला काय झालं होतं? राजकुमारभाऊ गावच्या या कचेरीचा संगणक सांभाळत असे. म्हणजे त्याच्या शेजारी बसत असे. त्याने एक कोरा कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर हार्ड डिस्क निकामी असल्याने पुरावा उपलब्ध नाही.' आठ शब्द. खाली झोकदार सही.

त्या आठ शब्दांखाली वंदनामावशीची तीन वर्षं गाडली गेली होती. गावचा पाझर तलाव दोन वर्षांपूर्वी दुरुस्त झाला होता, निदान कागदावर तरी; तेव्हापासून त्याचं पाणी टिकेना आणि खालच्या अकरा विहिरींना दिवाळीतच तळ दिसू लागला. मावशी त्याच्या आधीपासून दर महिन्याच्या एक तारखेला फुटाफुटावर लाल चिंध्या बांधलेला दोर प्रत्येक विहिरीत सोडायची आणि फोटो काढायची. फोनमधली जागा संपली तेव्हा याच कचेरीने तिला सल्ला दिला, की फोटो आमच्या डिस्कवर ठेवा आणि फोनमधले पुसा. तिने विश्वासाने पुसले. आज चार वाजता तालुक्याहून येणाऱ्या साहेबांपुढे सुनावणी होती. फोटो दिसले, तर तलावाची पाहणी होणार होती. नाही दिसले, तर तक्रार दप्तरी दाखल होणार होती; सरकारी भाषेत पुरण्याला असाच सभ्य शब्द आहे.

मावशीने पुन्हा एकदा लावून पाहायची विनंती केली. राजकुमारभाऊने हसून सांगितलं, की बाई, मेलेलं माणूस उठते काय? प्राचीने दात आवळले. चिखलीहून ती सुट्टीत मजा करायला आली होती. इतका राग येईल असं तिला वाटलं नव्हतं.

बाहेर लिंबाखाली तिघांची बैठक बसली: प्राची, मावशीचा अविनाश आणि विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या भागवतकाकांचा संघपाल. लाइट बारालाच गेली होती. अविनाशने सांगितलं, की मागच्या मंगळवारीही हेच झालं होतं. लाइट गेली की डिस्क मरते, लाइट आली की जिवंत होते. राजकुमारभाऊ म्हणतो, उन्हानं होते.

"पण लॅपटॉप तर बॅटरीवर चालू होता," प्राची म्हणाली. "पडदा दिसत होता. मग लाइट गेल्यावर त्या टेबलावर दुसरं काय बदललं?"

संघपालने कपाळावर हात मारला.

"पंखा बे! छताचा पंखा बंद झाला का राजकुमारभाऊ लहाना पंखा लावते. लॅपटॉपचं एक तोंड मोडलेलं हाय. दुसऱ्यात हब, एका तोंडाचे चार करणारी डबी, अन् त्या एकाच हबात डिस्क, पंखा, अन् त्याचे दोन मोबाईल. एका डीपीवर साऱ्यायनं मोटारी लावल्या तं काय होते?"

"मोटर नुसती घुं घुं करते," अविनाश म्हणाला. "पाणी उचलत नाही."

"हाव. ते टक टक म्हणजे तेच हाय. डिस्क मेली नाही, उपाशी हाय."

ते आत धावले. पण राजकुमारभाऊच्या घरी पाच एकर ओलीत असलं आणि डीपीचं, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचं, हे दुखणं त्याला जन्मापासून ठाऊक असलं, तरी टेबलामागे बसल्यावर तो शेतकऱ्याचा मुलगा उरत नसे. "पोट्टेहो, तुम्ही मले शिकवता काय?" एवढंच म्हणून त्याने डिस्क कपाटात टाकली आणि किल्ली खिशात. लाइट पाचशिवाय येणार नव्हती.

प्राचीने ओळखलं, की या माणसाला कारण सांगून उपयोग नाही. त्याला साहेब दाखवायला हवा.

चार वाजता सुनावणी सुरू झाली. टेबलावर पुरावा म्हणून डिस्क ठेवली होती. हबाला जोडलेली, मृत्यूचा दाखला सोबत. तिची टकटक सगळ्यांनी ऐकली. साहेबांनी तो कागद वाचला, कपाळ पुसलं आणि पेन उघडलं.

"राजकुमारभाऊ," प्राची अतिशय आदराने म्हणाली, "साहेबांना किती घाम आला आहे. आणि वारा एकट्या तुमच्याकडेच."

राजकुमारभाऊ विंचू चावल्यासारखा उठला. त्याने पंखा हबातून उपटला, स्वतःची पॉवर बँक शोधली, आणि साहेबांच्या तोंडासमोर तो लावून, कोन बरोबर साधेना म्हणून वाकून राहिला. तेवढा वेळ पुरला. प्राचीने हब काढला आणि डिस्कची वायर सरळ लॅपटॉपात खोचली.

टक आलं नाही. बारीक, एकसुरी घरघर आली. पडद्यावर पहिली विहीर उघडली: दोर ओला, वर फक्त सात चिंध्या कोरड्या. मग तीच विहीर, तीच तारीख, एक वर्षानंतर: एकोणतीस कोरड्या. मग तिसरं वर्ष. त्या फोटोत तळाची चिंधीसुद्धा कोरडी होती.

वंदनामावशी उठली आणि एकेका विहिरीचं नाव सांगू लागली. अकराव्या नावापर्यंत साहेबांचं पेन उघडंच होतं. मग त्यांनी सोमवारी तलावाच्या पाहणीचा हुकूम लिहिला, फोटोंच्या दोन प्रती काढायला सांगितल्या आणि मुलांकडे वळून प्रसन्न हसले.

"शाबास. तुमच्यासारखी मुलं म्हणजे गावाचं भूषण."

"साहेब," प्राची म्हणाली, "आधी त्या कागदावरचे आठ शब्द खोडा. आणि खाली सही करा, म्हणजे कुणी खोडले ते कळेल."

साहेबांचं हसू जागीच थांबलं. त्यांनी कागद राजकुमारभाऊपुढे सरकवला. त्याने खोडायला घेतलं. एक शब्द खोडायला तो लिहिण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे त्याला त्या दिवशी कळलं असावं. सही या वेळी झोकदार आली नाही.

बाहेर आल्यावर मावशीने कौतुकाचं भाषण केलं नाही. तिने संघपालच्या पाठीवर थाप मारली, अविनाशचे केस विस्कटले आणि पिशवीतून लाल चिंध्यांचा दोर काढून प्राचीच्या हातात दिला.

"एक तारखेले पहिल्या विहिरीत दोर तू सोडजो," ती म्हणाली. "अन् फोटो दोन जागी ठेवजो."