लाल रेघेवरचा पारा

"ओ साहेब! आधी पाण्यातून बाहेर या!"

मॉन्टॅनातला ऑगस्ट. नदी पार खंगलेली, दगड उघडे पडलेले. अशा दिवसांत दुपारी दोननंतर पाणी तापतं, तेव्हा ट्राउट माशाला गळ दाखवायचा नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि हा बाबा खुशाल कंबरभर पाण्यात उभा! मॅरनचं डोकंच फिरलं. नदीच्या पाण्याचं तापमान रोज मोजून मासेमारी खात्याला कळवणं हे तिचं काम होतं.

त्याच्या हातातला मासा अर्धमेला झाला होता. तिनं तो काढूनच घेतला, गार झरा नदीला मिळतो तिथे नेला आणि तोंड प्रवाहाकडे करून धरला.

"खालून आधार द्या. हलका... दाबू नका हो!"

चार हात पाण्यात. बऱ्याच वेळानं शेपूट हललं आणि मासा निसटला. त्या माणसाचे डोळे भरून आले होते.

"बाबांचा गळाचा रॉड आहे हा," तो म्हणाला. "हिवाळ्यात गेले ते. वेळेचं मला... खरंच माहीत नव्हतं."

मॅरनचा राग कुठल्या कुठे पळाला.

त्याचं नाव लेलँड. सुट्टीपुरता आलेला. मग तो रोज पहाटे येऊ लागला. ती थर्मामीटर बुडवून पारा बघायची, तो गळाला बांधलेली पिसांची माशी पाण्यावर अलगद सोडायचा.

"आज तरी हसशील?"

"मासा लागू दे, मग बघू."

"म्हणजे माझं नशीब माशाच्या हाती!"

'अहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

पण उन्हाळा हटेना. एका पहाटेच पारा धोक्याच्या लाल रेघेच्या वर गेला. आता नदी पूर्ण बंद, आणि नदी बंद म्हणजे लेलँड परत आपल्या गावी. थोडा कमी सांगितला तर...? कुणाला कळणार होतं? पण मासे मेले असते.

"किती आहे?" त्यानं विचारलं.

"बंद करावी लागेल," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

त्यानं दोरा गुंडाळला आणि गेला.

दुसऱ्या पहाटे ती जड पावलांनी मोजायला आली, तर तो काठावर बसलेला. हात रिकामे.

"रॉड कुठंय?"

"गाडीत. नदी बंद आहे ना."

"मग आलास कशाला?"

"काल खोटं बोलली असतीस, तर चार दिवस मासे धरून निघून गेलो असतो. पण तू रडत रडत खरं सांगितलंस, आणि मग मला..." तो अडखळला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, मॅरन. नदी उघडेपर्यंत थांबतो. नंतरही."

तिनं थर्मामीटर त्याच्या हातात दिला.

"घे. खोल बुडव. आणि नीट वाच हं."

मासा न लागताच ती हसली.