लपणात दोघं

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे, आणि मामा थापा मारणाऱ्यातले नाहीत.

परंड्याच्या पुढं माळावर एक पाझर तलाव आहे. उन्हाळ्यात त्याचं नुसतं डबकं उरतं. गेल्या मे महिन्यात, तिथंच... आणि तेही लख्ख सकाळच्या उन्हात.

कृष्णराजमामा शाळामास्तर. नाद एकच, उडत्या पाखरांचे फोटो काढायचा. त्यातही पखुर्ड्या. मातीच्या रंगाची ही पाखरं ऊन चढलं की थव्यानं येतात, घोटभर पाणी पितात आणि उडतात. त्या उडण्यासाठी मामा तुराट्यांच्या लपणात दबा धरून बसायचे.

पण माणूस आत शिरताना दिसला, की पाखरं खाली उतरत नाहीत.

त्यावर फोटोवाल्यांची एक युक्ती असते. आत दोघांनी जायचं आणि एकानं बाहेर पडून निघून जायचं. पाखरांना मोजता येत नाही. लपण रिकामं झालं, असंच त्यांना वाटतं.

ते निघून जाणारं माणूस म्हणजे आमची सत्यभामामामी.

मामी होळीच्या आधी वारली. मामा रडले नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. पार बधिर झाले होते. ताट पुढं आलं तर जेवायचे, नाहीतर तसेच बसून राहायचे.

मे महिन्यात एका सकाळी कॅमेरा घेऊन एकटेच निघाले. पाखरं उतरणार नाहीत, हे ठाऊक होतं. घरात बसवत नव्हतं, एवढंच.

आत शिरले. पाठीमागं गोणपाटाचा पडदा सोडला. समोरच्या भोकातून फक्त पाणी दिसत होतं.

थवा आला... वरच्या वर घिरट्या घालत राहिला.

आणि मागचा पडदा हलला...

वारा नव्हता.

मग चपलांचा आवाज. सावकाश, सडकेकडं लांब लांब जाणारा...

थवा खाली उतरला.

मामांची बोटं सवयीनं चालत राहिली. पंख पसरलेल्या पाखरांचे इतके सुंदर फोटो त्यांना कधीच मिळाले नव्हते. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही, असं ते सांगतात.

बाहेर आले, तर बांधावर मेंढरं घेऊन सिताबाई उभी. ती दिवाळीपासून चाऱ्यासाठी लांब गेलेली, आदल्या दिवशीच परतलेली. मामी गेल्याचं तिच्या कानावर नव्हतं.

ती सहज म्हणाली, "गुर्जी, बाई आज लई घाईत गेल्या. हाक मारली तर वळल्या बी न्हाईत."

मामा तिथंच मातीत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या छातीत दुखलं. मामी येऊन गेली होती, आणि ते पाखरं बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. पाण्याकडं पाठ करून, पडद्याकडं तोंड करून बसले.

"आज जाऊ नको," ते हळूच म्हणाले. "पाखरं न्हाय आली तरी चालतंय."

थवा आला. पंखांची फडफड डोक्यावर फिरत राहिली... फिरत राहिली...

पडदा हलला नाही.

पाखरं तहानलेलीच परतली.

ऊन तापल्यावर मामा बाहेर आले. सिताबाई मेंढरांना पाणी पाजत होती. तिनं मामांकडं बघितलं, मग लपणाकडं.

"बाईंना आतच ठिवून चाललाव व्हय, गुर्जी?"

मामा आता रोज सकाळी तिकडं जातात. कॅमेरा घरी कपाटात असतो. त्या पाण्यावर पखुर्ड्या येत नाहीत म्हणे.

परवा आईनं त्यांना बोलवायला मला पाठवलं. मी पडद्याबाहेर थांबले. आत मामा हळू आवाजात काहीतरी सांगत होते. मधेच गप्प व्हायचे... समोरच्याचं ऐकून घेताना माणूस होतो तसे... आणि मग हसायचे.

किती दिवसांनी त्यांना हसताना ऐकत होते मी.

हाक न मारताच परत आले. आईला सांगितलं, मामा तिथं नव्हते.