हे बरं, की ते?

त्याने पहिला चमचा बुडवला तो माझ्या वाडग्यात, आणि तोही माझी परवानगी न घेता.

दोष वाफेचा होता, असे तो पुढे कितीतरी दिवस सांगत राहिला. शनिवारची दुपार होती. कोपऱ्यावरच्या त्या छोट्या रेस्टॉरंटमधली सगळी टेबले भरलेली होती. वेटरने मला एका अनोळखी तरुणासमोर बसवले आणि आम्हां दोघांचे कांद्याचे सूप एकदमच आणून ठेवले. त्याच्या चष्म्याच्या काचा वाफेने पांढऱ्याफटक झाल्या. चष्मा पुसण्याऐवजी त्याने अंदाजाने हात पुढे केला... आणि माझे सूप चाखले.

"उत्तम आहे," तो म्हणाला.

"असणारच. माझं आहे ते."

त्याने घाईघाईने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखे दिसत होते – मऊ, जरासे गोंधळलेले. मी नजर वळवली. अर्थात, नीट पाहून झाल्यावर.

"मग तुम्ही माझ्यातला एक चमचा घ्या. म्हणजे फिटंफाट."

"मी परक्याच्या वाडग्यातलं खात नाही."

"मीही खात नाही. आजच सुरुवात केली."

तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचा. मी नकाशांच्या कचेरीत शाईने नद्या आणि रस्ते गिरवत असे. हे सूप आम्हां दोघांच्याही जिवाचे, आणि दोघांच्याही पगाराला आठवड्यातून एकदाच झेपणारे. त्यातच त्या दिवशी गल्ल्यापाशी नवीन दरांची पाटी लागली. आम्ही दोघे तिच्यासमोर शेजारी शेजारी उभे राहिलो, एखादी दुःखद बातमी वाचावी तसे.

"कांदे, पाव, चीज," मी म्हणाले. "त्यात काय सोनं घालतात? हे घरीसुद्धा होईल."

"कुणाच्या घरी?" त्याने फारच पटकन विचारले.

अशा रीतीने दर शनिवारी दुपारी तो आमच्याकडे येऊ लागला. आमच्याकडे म्हणजे आत्याकडे. मी तिच्याजवळ राहत होते. तो कांदे आणायचा, चिरायचा आणि मुकाट्याने रडायचा. आत्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून विणत बसायची.

"मुलगा बरा आहे," एकदा तो गेल्यावर ती म्हणाली. "डोळ्यांतून धारा लागतात, पण कुरकुर नाही."

"आत्या, तो सूप खायला येतो."

"हो गं. आणि मी हवा खायला दारात बसते."

सूप वाईट होत नव्हते; पण ते तिकडचे सूप नव्हते. ते कळायचे त्याच्या एका सवयीमुळे. दुकानात दिवसभर तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर एक काच धरायचा, मग दुसरी, आणि विचारायचा, "हे बरं, की ते?" ती सवय जेवणाच्या टेबलावरही सुटत नसे. माझ्या सुपाचा एक चमचा घ्यायचा, डोळे मिटायचे, तिकडची चव आठवायची आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "हे बरं, की ते..." आणि शेवटी, अत्यंत सभ्यपणे, "ते."

एवढे मी सोसले असते. परंतु दुसऱ्या आठवड्यापासून तो रेस्टॉरंटच्या मागच्या दाराने जाऊन तिथल्या आचारीणबाईंना कृती विचारू लागला.

"आचारीणबाई म्हणाल्या, कांदा पाऊण तास मंद आचेवर परतायचा."

तिसऱ्या आठवड्यात 'आचारीणबाई'तली 'बाई' गळून पडली. चौथ्या आठवड्यात नुसती 'ती' उरली.

"ती कांदा इतका पातळ चिरते की आरपार दिसतं. हात काय हलका आहे तिचा."

"तुम्ही तिथे कृती विचारायला जाता, की हात बघायला?"

"दोन्ही एकाच वेळी होतं," तो निरागसपणे म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर कचेरीत मी ज्या नद्या गिरवल्या, त्या सगळ्या गरजेपेक्षा जाड झाल्या. साहेबांनी विचारले, पूर आला आहे का. मी टाक बदलून मागितला. एका पातळ कांद्याने माझी झोप उडवली होती.

पाचव्या शनिवारी त्या रागात कांद्यावरून माझे लक्ष उडाले. पातेल्याच्या बुडाला तपकिरी, करपट खरवड धरली. ती सुटावी म्हणून काहीतरी ओतणे भाग होते, आणि हाताशी होता सकाळचा उरलेला अर्धा कप कोरा चहा. आमच्या घरात चहा कोराच होई आणि टाकून काहीच दिले जात नसे. मी तो पातेल्यात ओतला, खरवड सोडवली, वर पाणी घातले आणि गप्प राहिले. आत्यालाही सांगितले नाही.

त्याने पहिला चमचा घेतला. डोळे मिटले... पण पुटपुटला नाही. दुसरा चमचा घेतला. वाडगा रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. 'हे बरं, की ते' त्या दिवशी आलेच नाही.

निघताना दारात घुटमळून म्हणाला, "थोडं डब्यात भरून द्याल?"

मी आत्याचा कडेला पोचा गेलेला डबा काठोकाठ भरून दिला. पुढच्या शनिवारीही दिला. रविवारी आपल्या एकट्याच्या खोलीत तो हे गरम करत असेल, वाफेने काचा पांढऱ्या होत असतील, आणि त्या पांढऱ्या काचांमागे... असो. कल्पना करायला मला तेव्हा वेळ पुष्कळ होता.

त्यानंतरच्या शनिवारी तो डबा घेऊन गेला आणि चष्म्याचे घर टेबलावरच विसरला.

"पळ, गल्लीच्या तोंडाशीच असेल," आत्या म्हणाली.

मी निघाले. तो दिसलाही; पण खोलीकडे वळायच्या ऐवजी तो रेस्टॉरंटच्या मागच्या बोळात शिरला. मी हाक मारली नाही. अशा वेळी हाक मारणाऱ्या मुली मला कधीच समजल्या नाहीत. मी पाठोपाठ गेले.

मागचे दार उघडेच होते. आत मोठमोठी पातेली, ओल्या फरशीचा वास आणि पांढऱ्या एप्रनमधली आचारीण. माझ्याच वयाची, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दिसायला ती सुंदर होती. हे कबूल करायला मला पुढे बरीच वर्षे लागली. तिच्या एका हातात आत्याचा डबा होता, दुसऱ्यात चमचा. माझे सूप ती खात होती, आणि तो स्टुलावर बसून कौतुकाने पाहत होता.

"डबा आमच्या आत्याचा आहे," मी दारातून म्हणाले. "आणि सूप माझं आहे."

तो ताडकन उठला. स्टूल पडले. आचारीण मात्र जागची हलली नाही.

"तुम्हीच का त्या? बरं झालं आलात," ती म्हणाली. "ह्यांनी माझं डोकं खाल्लंय. काय घालता ह्यात? मी चार वेळा करून पाहिलं." तिने शेगडीकडे बोट दाखवले. तिथे चार लहान पातेली ओळीने मांडलेली होती. "एकातही ही चव नाही."

खरे तर मी त्याच क्षणी सुखावायला हवे होते. पण पोटातला जाळ इतक्या सहज विझत नाही.

"मी तुमच्यासाठी भरून दिलेलं तुम्ही हिला आणून देत होतात?"

"हो," तो म्हणाला.

"का?"

"खात्री करून घ्यायला." त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागला. "स्वतःच्या डोळ्याचा नंबर स्वतःला काढता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी काचा बदलून विचारायला हवं. त्या दिवशी तुमचं सूप मला इथल्यापेक्षा बरं लागलं. पण तुम्ही चिडलेल्या होतात, गालाला शाई लागली होती, आणि... मला त्या दिवशी सगळंच बरं लागत होतं. तुम्ही मिठाचं पाणी दिलं असतंत तरी मी दुसऱ्यांदा मागितलं असतं. जीभ भरवशाची राहिली नव्हती. म्हणून विचारायला आलो, सूप खरंच चांगलं आहे की मीच कामातून गेलोय."

"दोन्ही," आचारीण डबा निपटत म्हणाली. "पण ह्यात घातलंय काय, ते सांगा."

त्यानेही माझ्याकडे पाहिले. चष्म्याशिवाय, त्या पहिल्या दिवसासारखे.

"ते मी फक्त घरच्या माणसाला सांगते," मी म्हणाले.

शेगडीवर काहीतरी चुरचुरत होते. आचारिणीने आच कमी केली. सुज्ञ बाई होती.

"घरचा माणूस व्हायला..." त्याने पडलेले स्टूल उभे केले, "काय लागतं?"

"दोन काचा समोर धरायचं बंद करावं लागतं."

"बंद."

"इतक्या लगेच?"

"दुकानात चालू ठेवतो. पोटाचा प्रश्न आहे."

मी चष्म्याचे घर त्याच्या हातात ठेवले. त्याने ते घेतले, आणि माझा हात परत द्यायचे विसरला. मी आठवण करून दिली नाही. दुसरा हात मात्र मी आचारिणीपुढे केला, आणि आत्याचा डबा मागून घेतला.

लग्नाच्या दिवशी, जेवणाच्या टेबलाशी, मी ती चहाची गोष्ट त्याच्या कानात सांगितली. आचारीणही जेवायला होती. तिला आजतागायत कळलेली नाही. अधूनमधून ती 'काय घालता?' असा निरोप पाठवते, मी कुशल कळवते. तिच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराने जायला ह्यांना आजही परवानगी नाही.

दर शनिवारी सकाळी ते चहा पितात आणि बरोबर अर्धा कप उरवतात. पोट भरलं म्हणतात. मी कप उचलते आणि झाकून ठेवते.