पाटाची तहान

सगळ्यांना अगदी सारखं वाटून दिलं, तरी आपल्याच वाट्याला कमी कसं आलं? सकाळपासून या एका प्रश्नानं मैनाचं डोकं खाल्लं होतं.

झालं होतं असं. मैनाची टोकवाडी म्हणजे उंबरघाट प्रदेशातलं सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांबचं गाव. उंबरघाट हा स्वायत्त प्रदेश (शाळा, दवाखाने, रस्ते यांचा कारभार स्वतः पाहणारा). त्याला दरवर्षी देशाच्या तिजोरीतून अनुदान (एकरकमी मदत) मिळे. ते कुठे खर्चायचं, हे मात्र प्रदेशानंच ठरवायचं. यंदाचं कच्चं अंदाजपत्रक (वर्षभराच्या जमाखर्चाचा आराखडा) मोजू नावाच्या यंत्रमानवानं केलं होतं. त्यात दर आठवड्याला येणारा टोकवाडीचा उडता दवाखाना दोन महिन्यांतून एकदाच येणार होता! मैनाच्या धाकट्या भावाला, गोटूला, दमा होता. त्याला औषधाची वाफ त्याच दवाखान्यात मिळे.

अंदाजपत्रक पक्कं करण्याआधी मोजू गावोगाव हरकती ऐकत फिरे. तो टोकवाडीला आला, तेव्हा मैना आणि तिचे भार्गवआजोबा शेतावर होते. आजोबा जलशास्त्रज्ञ (पाण्याचा अभ्यास करणारे), त्यामुळे गावाच्या पाटाचं पाणी तेच सोडत.

"मोजूदादा, आमचा दवाखाना का पळवलास?" मैनानं त्याला आल्या आल्या फैलावर घेतलं.

"मी कशाला पळवू? मी माणशी सारखे पैसे दिले. तुमच्या गावात माणसं थोडी, म्हणून पैसे थोडे. यात चूक असेल तर दाखव."

मैनाला ती दाखवता येईना. तिचे डोळे भरून आले. आजोबा मात्र गालातल्या गालात हसत म्हणाले, "मोजू, आज पाणी तू सोड बाबा. तुझ्या पद्धतीनं."

मोजूची स्वारी खूश झाली. शेतं सारखीच होती, म्हणून त्यानं पाटाच्या तोंडापासून सुरुवात करून प्रत्येक शेताला सारखाच वेळ पाणी दिलं. पहिली शेतं तुडुंब भरली. शेवटच्या काकडीच्या शेतात मात्र जेमतेम चिखल झाला.

"पाणी गेलं कुठे?" मोजू गोंधळला.

"पाटानं प्यायलं!" मैना म्हणाली. "कोरडा पाट आधी स्वतःची तहान भागवतो. म्हणून आम्ही शेवटच्या शेतापासून सुरुवात करतो आणि पाटानं प्यायलेलं पाणी सगळ्यांच्या वाट्यातून..."

ती बोलता बोलता थांबली आणि एकदम ओरडली, "अरे, दवाखान्याचंही तसंच! इथवर उडत यायचा खर्च ही पाटाची तहान. गावात माणसं थोडी असोत की पुष्कळ, घाट तेवढाच चढावा लागतो. तू तो सगळा खर्च एकट्या आमच्या नावावर टाकलास!"

मोजूचे दिवे क्षणभर लुकलुकले. "मी माणसं मोजली, अंतर मोजलंच नाही. चुकलो. पोहोचण्याचा खर्च आधी सगळ्यांच्या रकमेतून काढायला हवा आणि मग उरलेलं माणशी वाटायला हवं. पण मग पायथ्याच्या गावांना थोडं कमी मिळेल. त्यांना विचारावं लागेल."

ते काही दिवस मैनाला घास गोड लागला नाही. मग निरोप आला. पायथ्याच्या लोकांनी होकार दिला होता आणि त्यासाठी आपल्या पोहण्याच्या तलावाचं बांधकाम वर्षभर पुढे ढकललं होतं!

त्या आठवड्यात दवाखाना ठरल्या दिवशी अंगणात उतरला. त्यातून मोजूही आला. वाफ घेऊन गोटू मोकळा श्वास घ्यायला लागला, तेव्हा मैना मोजूच्या गळ्यातच पडली.

"माझे कसले आभार मानतेस? मी फक्त बेरीज बदलली," मोजू म्हणाला. "उन्हाळाभर पोहायला न मिळणाऱ्या त्या मुलांचे आभार मान."

ज्यांना कधी पाहिलंही नाही, त्यांनी आपल्या गोटूसाठी एवढं करावं! मैनाला फार भरून आलं. ती धावत शेवटच्या शेतात गेली, टोपलीभर कोवळ्या काकड्या तोडल्या आणि परतणाऱ्या दवाखान्यात पायथ्याच्या मुलांसाठी ठेवल्या.

संध्याकाळी चंद्र वर आला. आजोबा त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाले, "तिथे माणसांची वस्ती होणार आहे म्हणे. तिचा पाट केवढा लांब असेल बघ!"

"मग सुरुवात तिथूनच करायची," मैना म्हणाली. "आणि तेव्हा तलाव आपण पुढे ढकलायचा."